सांडशांची भिंत

दिवाळीच्या दिवसांत नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये तख्तस्नानाचा सोहळा होतो. गोदावरीचं पाणी घागरींतून आणलं जातं, तख्त धुतलं जातं आणि एरवी दुरूनच दिसणारी जुनी शस्त्रं बाहेर काढून निगुतीनं स्वच्छ केली जातात. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली याच गावी देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात इथली वास्तू उभी करवून घेतली. सोहळ्याला आलेल्या माणसाची नजर तलवारीच्या पात्यावर खिळते, ते साहजिकच आहे. पण ते पातं लालबुंद असताना कशानं धरलं होतं? त्याच्या मधोमध धावणारी खाच कोणत्या हत्यारानं दाबून उठवली? ज्या ऐरणीवर ते उलटसुलट झालं ती ऐरण कुठं गेली?

तलवार वारसानं पुढच्या पिढीकडे जाते. सांडशीचं तसं होत नाही. ती झिजली की पुन्हा भट्टीत जाते आणि तिच्यातून एखादा आकडा, एखादी कडी किंवा दुसरी सांडशी निघते. म्हणून लोहाराच्या हत्यारांचं संग्रहालय सहसा सापडत नाही. ते पाहायचं असेल तर चालू असलेल्या लोहारशाळेतच जावं लागतं.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत त्यासाठी फार हिंडावं लागत नाही. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जो महामार्ग जातो, त्याच्या कडेला गावोगाव भट्ट्या आहेत. लोखंडाचं काम करणारी माणसं इथं एका जातीची, एका भाषेची नाहीत. नांदेडात शिकलगार शीख आहेत. शिकलगार हा शब्द मूळ अरबी ‘सैकल’वरून आला. सैकल म्हणजे धातूला घासून चकाकी देणं. मराठीतही शिकल करणं म्हणजे घासून लखलखीत करणं. गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या दुकानांत किरपाणी, कडी, खंडे ओळीनं मांडलेले दिसतात. शस्त्रं घडवण्याची आणि परजण्याची ही परंपरा ज्यांच्या नावातच आहे, ते हे लोक. दुसरे पांचाळ. मराठवाड्याच्या गावात ‘पांचाळमामा’ म्हटलं की बहुधा सुतार नाही तर लोहार डोळ्यांपुढे येतो. विश्वकर्म्याच्या पाच पुत्रांपैकी मनूकडे लोखंड, मयाकडे लाकूड, त्वष्ट्याकडे तांबं-पितळ, शिल्पीकडे दगड आणि विश्वज्ञाकडे सोनं, अशी त्यांची वाटणी सांगितली जाते. तिसरे घिसाडी. ते आज या गावाच्या वेशीबाहेर, उद्या त्या बाजाराच्या कडेला पाल ठोकतात. एका गाडीत त्यांचा अख्खा कारखाना मावतो.

तिघांच्या रीती वेगळ्या, देव वेगळे, घरातली बोली वेगळी. एक गोष्ट मात्र सारखी आहे. तिघेही आपल्या कामाची हत्यारं स्वतः घडवतात.

लोहारशाळेत शिरलं की डोळ्यांना आधी भट्टी दिसते, पण कारागीर किती मुरलेला आहे हे भिंतीवरून कळतं. भिंतीला एक आडवी सळई ठोकलेली असते आणि तिच्यावर सांडशा लटकत असतात. पंधरा, वीस, कधी त्याहून जास्त. एकीचा जबडा सपाट, एकीचा चोचीसारखा, एकीच्या जबड्यात गोल सळई बसेल अशी पन्हळ, तर एकीचा जबडा काटकोनात वळवलेला, म्हणजे पट्टी बाजूनं धरता यावी. फाळ धरायची सांडशी विळ्याला चालत नाही आणि विळ्याची सांडशी कुऱ्हाडीला चालत नाही. जबडा नुसता टोकाला टेकला किंवा नुसता मुळाशी टेकला, तर घणाचा घाव बसताच तुकडा फिरतो. फिरलेला लाल तुकडा समोर घण मारणाऱ्याच्या पायावर जाऊ शकतो. त्यामुळे नवं काम आलं की त्याला बसेल अशी सांडशी आहे का, हे आधी पाहिलं जातं. नसेल तर ती घडवली जाते. गिऱ्हाइकाला त्या वेळाचे पैसे कधीच द्यावे लागत नाहीत, कारण त्याला ते काम दिसतच नाही.

सांडशी घडवणं ही शिकाऊ पोराची खरी परीक्षा असते. मऊ लोखंडाच्या दोन सळ्या घ्यायच्या. टोक तापवून जबड्यापुरतं चपटं करायचं, मग सळई पाव वळसा फिरवून ऐरणीच्या कडेवर सांध्याची जागा दाबायची आणि उरलेला भाग ठोकून ठोकून लांब दांडा ओढायचा. दोन्ही अर्ध्या भागांना भोक पाडून रिव्हेट लाल असतानाच बसवायची. आता ती घट्ट होऊन बसते, हलत नाही. मग अख्खा सांधा पुन्हा तापवून तो थंड होईपर्यंत सांडशी उघडझाप करत राहायचं. शेवटी जबडा लाल करून, पुढे जी वस्तू धरायची तिच्याच मापाचा तुकडा त्यात घालून वरून हातोडा मारायचा. जबडा त्या वस्तूचा ठसा घेतो. पुढची कित्येक वर्षं तो ते माप विसरत नाही.

सांडशी मऊ लोखंडाचीच का, पोलादाची का नाही? पोलाद तर जास्त मजबूत. उत्तर पाण्याच्या डोणीत आहे. काम करताना सांडशी तापते आणि लोहार ती सहज पाण्यात बुडवतो. पोलादाची सांडशी लाल होऊन पाण्यात गेली तर काचेसारखी कडक होते आणि पुढच्या घावाला ताडकन तुटते. मऊ लोखंडात कर्ब इतका कमी असतो की ते कितीही वेळा बुडवलं तरी चिवटच राहतं. कुठं मऊपणा हवा आणि कुठं कडकपणा, ही निवड हत्यार घडवणाऱ्याचं निम्मं शहाणपण आहे.

यात एक जुनं कोडंही दडलेलं आहे. सांडशी घडवायला सांडशी लागते, मग पहिली सांडशी कशी झाली? ज्यू लोकांच्या ‘पिर्के आवोत’ या प्राचीन ग्रंथात सृष्टीच्या पहिल्या शब्बाथच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संधिप्रकाशात देवानं निर्माण केलेल्या वस्तूंची यादी आहे. तिच्यात काही जण सांडशीही धरतात, कारण ती माणसाला एकट्यानं करता येणार नाही असं त्यांना वाटलं. लोहाराचं उत्तर साधं आहे. सळई लांब घ्यायची. एक टोक भट्टीत लाल होतं तेव्हा हातभर लांबचं दुसरं टोक नुसत्या हातानं धरण्याइतकं गार असतं. जबडा, सांधा सगळं त्या लांब सळईवरच घडवायचं आणि शेवटी तोडून घ्यायचं.

हा कच्चा माल येतो कुठून? मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टवर वसलेला आहे. त्या दगडात लोह असतं, पण ते गाळून काढण्याजोगं नसतं. त्यामुळे इथल्या लोहाराचं लोखंड बहुतेक काळ बाहेरूनच येत राहिलं. आज ते भंगारातून येतं. ट्रकच्या कमानीचा तुटका पाटा, ॲक्सलचा दांडा, बेअरिंगची कडी, घासून गुळगुळीत झालेली कानस. भंगारवाल्याच्या ढिगात लोहार एक एक तुकडा उचलून वाजवतो, ग्राइंडरला लावतो आणि ठिणगी पाहतो. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात. कर्ब जास्त असलेल्या पोलादाची ठिणगी जवळच फुटते, तिला फांद्या फुटतात, फुलबाजीसारखी. तरीही खात्री पटली नाही तर एक पातळ कपचा लाल करून पाण्यात टाकायचा आणि हातोड्यानं मोडून पाहायचा. सरळ तुटला आणि आतला दाणा बारीक, राखाडी दिसला, तर छन्नी-सुंब्याला माल चांगला. कमानीच्या पाट्यातून छन्न्या निघतात, ॲक्सलमधून सुंबे आणि हातोड्याची डोकी.

ऐरण हा सगळ्यात महागडा भाग. नवी ओतीव ऐरण घेणं अनेकांना परवडत नाही, म्हणून लोहार रुळाच्या तुकड्याकडे वळतो. आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला ५२ किंवा ६० किलो वजनाचे रूळ वापरतात. ५२ किलोचा रूळ असेल तर फूटभर तुकडा साधारण १६ किलो भरतो, आणि रुळाचं पोलाद शेकडा ०.६ ते ०.८ कर्बाचं, म्हणजे चांगलं कडक. बहुतेक जण तो तुकडा रूळ जसा जमिनीवर असतो तसाच आडवा ठेवतात. मुरलेला लोहार तो उभा गाडतो. आडव्या रुळात माथ्याखाली बारीक कंबर असते आणि घाव बसला की ती लवते, ताकद वाया जाते. उभ्या रुळात घावाच्या थेट खाली फूटभर पोलाद असतं. वर काम करायला जागा दोन-अडीच इंचांचीच उरते, पण विळ्या-खुरप्याला तेवढी पुरते. उभ्या रुळाच्या खालच्या पायाची पातळ कड घासली की गरम पट्टी तोडायची छन्नी तयार होते. माथ्याची गोलाई वळण द्यायला कामी येते. एका तुकड्यातून तीन हत्यारं, तीही विकत न घेता.

आता कुऱ्हाडीचं नेढं घ्या. पाहणाऱ्याला ते नुसतं भोक वाटतं. पण ते भोक पाडण्यासाठी लोहाराकडे किमान दोन हत्यारं लागतात. पहिला सुंबा, निमुळता, बोथट टोकाचा. लाल लोखंडात तो तीन-चार घाव आत जातो, मग लगेच काढून पाण्यात बुडवावा लागतो, नाहीतर त्याचंच टोक मऊ पडून आत अडकतं. भोकात चिमूटभर कोळशाची पूड टाकली की सुंबा चिकटत नाही. जवळजवळ आरपार गेल्यावर तुकडा उलटतात. जिथं सुंब्याच्या थंड टोकानं खालचं लोखंड गारवलेलं असतं, तिथं एक काळा डाग दिसतो. त्या डागावर सुंबा ठेवून एकच घाव मारला की चकती खाली पडते. यानंतर दुसरं हत्यार येतं, दांड्याच्या आकाराचा लांबट, निमुळता पोलादी ठोकळा. तो नेढ्यातून आरपार ठोकला की भोकाला दांड्याचा आकार येतो. हा ठोकळा ज्या लोहाराकडे आहे, त्याच्या हातची प्रत्येक कुऱ्हाड एकाच मापाच्या दांड्यावर बसते. गावातल्या सुतारालाही मग ते माप पाठ होतं.

गोल आकार देण्याची युक्ती तर आणखी सुरेख आहे. चौकोनी सळईचं टोक गोल करायचं असेल तर नुसत्या हातोड्यानं ते ओबडधोबड होतं. म्हणून लोहार पोलादाचे दोन ठोकळे घेतो, ते लाल करतो, त्यांच्यामध्ये हव्या त्या मापाची थंड, गोल सळई ठेवतो आणि वरून घण मारतो. दोन्ही ठोकळ्यांत अर्धी अर्धी पन्हळ उमटते. मग ते एका लवचीक पट्टीच्या दोन टोकांना जोडले की चिमट्यासारखा साचा तयार होतो. ऐरणीवर ठेवायचा, मधे लाल टोक घालायचं, एका हातानं फिरवत राहायचं आणि दुसऱ्या हातानं हातोडा मारायचा. आयटीआयच्या पुस्तकात याला ‘स्वेज’ म्हणतात. लोहारशाळेत बहुतेकदा नुसता ‘साचा’.

हत्यार घडवून झालं तरी ते अजून हत्यार झालेलं नसतं. त्याला पाणी पाजावं लागतं. छन्नी चेरीसारखी लाल करायची. लोहचुंबक जवळ असेल तर तो चिकटेनासा होतो. लोखंडाचं चुंबकपण साधारण ७७० अंश सेल्सियसला जातं. मग फक्त टोक दोन बोटं पाण्यात बुडवायचं आणि बाहेर काढून लगेच दगडावर घासून पांढरं करायचं. वरच्या अंगात उरलेली धग हळूहळू टोकाकडे सरकते आणि चकचकीत झालेल्या भागावर रंग धावायला लागतात. आधी गवतासारखा फिकट पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. थंड लोखंड तोडायच्या छन्नीसाठी जांभळा दिसला की अख्खी छन्नी पाण्यात. हा जांभळा २८० अंशांच्या आसपास येतो. निळ्यापर्यंत थांबलं तर धार लवकर बसते, पिवळ्यावरच बुडवलं तर टोक कपची होऊन उडतं. हा सगळा खेळ काही सेकंदांत संपतो. म्हणून अनेक लोहारशाळा मुद्दाम अंधाऱ्या ठेवलेल्या असतात. बाहेरून आलेल्या माणसाला ते दारिद्र्य वाटतं. खरं तर कडक उन्हात लाल आणि नारिंगी यांतला फरक डोळ्याला कळत नाही.

घिसाड्यांच्या पालापाशी हे सगळं उघड्यावर, सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या प्रकाशात पाहायला मिळतं. तिथं घण बहुतेकदा बाईच्या हातात असतो. पुरुष बसून एका हातानं सांडशी धरतो, दुसऱ्या हातातल्या लहान हातोड्यानं घाव कुठं हवा ते टिचकी मारून दाखवतो आणि समोर उभी असलेली त्याची बायको डोक्यावरून घण फिरवून नेमका तिथंच आणते. बोलणं नाही. हातोडा ऐरणीच्या कडेवर नुसता वाजला की थांबायचं. कष्टाचा मोठा वाटा ती उचलते. कागदोपत्री ‘कारागीर’ लिहिताना मात्र नाव बहुधा त्याचं लागतं. ही चूक सुधारायला हवी.

नांदेडच्या शेजारीच पोलादाचा एक मोठा इतिहास आहे. आजच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनसमुद्रम या गावी निर्मलकडच्या खनिजापासून मुशीत पोलाद तयार होत असे. इराणी व्यापारी ते घ्यायला थेट तिथं येऊन राहत. त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला वैद्य आणि भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी यानं १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पाहून टिपलं. त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ साली ते टिपण प्रसिद्ध झालं. दमास्कस तलवारींचं पोलाद या पट्ट्यातून जात होतं. २०१० साली उत्तर तेलंगणात जुन्या भट्ट्यांच्या जागांचं मोठं सर्वेक्षण झालं तेव्हा गावामागून गाव राखेचे आणि मळीचे ढीग सापडले. उत्तरेला, नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडला तर महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टीच उत्खननात मिळाली आहे. विदर्भातल्या त्या काळच्या दफनांत लोखंडी कुऱ्हाडी, छन्न्या, घोड्यांचे लगाम पुरलेले आहेत. छन्नी मेलेल्या माणसाबरोबर पुरावी, इतकी ती मोलाची होती.

बलुत्याच्या व्यवस्थेत गावातल्या लोहारानं फाळ शेवटायचा, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धारेला आणायचा, वखराची पास घडवायची, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची आणि सुगीला धान्य न्यायचं. धाव चढवताना पोलाद किती फुगतं याचा हिशेब त्याच्या हातात असे. साडेचार फुटी चाकाच्या धावेला पाचशे अंशांची धग दिली तर तिचा घेर इंचभर वाढतो. तेवढाच इंच लहान करून ती आधी जोडायची, शेणीच्या आगीत तापवायची, चाकावर सरकवायची आणि पाणी ओतायचं. चाकाचा घेर मोजायला लोहाराकडे दांड्यावर फिरणारी एक छोटी लोखंडी चकती असे, तीही त्यानंच घडवलेली.

हे चित्र टप्प्याटप्प्यानं बदललं. १९१० साली किर्लोस्करवाडीचा नांगरांचा कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगरानं जमीन नासेल अशी भीती सुरुवातीला होती, ती गेली आणि कारखान्याचे फाळ बाजारात आले. मग ट्रॅक्टर आला, वेल्डिंग आलं. आज लातूर-नांदेडचा लोहार रोटाव्हेटरची पाती जोडतो, ट्रॉलीचे हूक सरळ करतो. पण सोयाबीनच्या सुगीला अजूनही रांग लागते. वाळलेलं सोयाबीनचं देठ चिवट असतं, विळ्याची धार दिवसभरात खातं. ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कोयते शेवटून घेतात. बाजारातला तयार विळा स्वस्त असतो. तो परत शेवटायला मात्र त्याच भट्टीवर येतो.

२०२३ च्या १७ सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनालाच, केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत लोहार आहे आणि ‘हातोडा व हत्यारसंच बनवणारा’ असा वेगळा व्यवसायही आहे. प्रशिक्षण, दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन, हत्यारसंचासाठी पंधरा हजारांपर्यंतची मदत आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंतचं पाच टक्के दराचं कर्ज. योजनेनं हत्यार घडवणाऱ्याला नावानिशी ओळखलं ही मोठी गोष्ट आहे. पण लोहाराला तयार हत्यारांची पेटी देणं म्हणजे स्वयंपाक येणाऱ्याला डबा देणं. त्याला हवं ते चांगल्या पोलादाचं दांडकं, वेळेवर मिळणारा कोळसा, विजेचा ब्लोअर आणि घणाचे कष्ट घेणारा पॉवर हॅमर. त्यातून तो आपली हत्यारं आपल्या मापानं करील, आणि शेजारच्या तीन गावांच्या लोहारांसाठीही करील.

खंडेनवमीला भट्टी पेटत नाही. ऐरण धुतली जाते, भिंतीवरच्या सांडशा खाली उतरवून पुसल्या जातात, हळदी-कुंकवाची बोटं घणाला, छन्न्यांना, सुंब्यांना लागतात, झेंडू वाहिला जातो. दोन दिवसांनी दाराशी विळे घेऊन माणसं उभी असतात, कारण सोयाबीन शेतात वाळून चाललेलं असतं. ‘मामा, माझा विळा आधी घ्या, मजूर खोळंबलेत,’ असं कुणीतरी म्हणतं. मामा हो म्हणतात, पण हातात घेतात ती छन्नी. वर्षभर घाव खाऊन तिच्या डोक्याला झालर सुटलेली असते. पुढच्या घावाला ती उडून कुणाच्या तरी डोळ्यात जाऊ शकते. ग्राइंडर सुरू होतो, फांद्या फुटलेल्या ठिणग्या अंधाऱ्या कोपऱ्यात उडतात, आणि विळेवाले उंबऱ्याशी टेकून थांबतात.